तळहातावरची थरथर

चाकूर
२ जानेवारी २०२५

वर्षा,

कुर्र... कट्. कुर्र... कट्. आपल्या झोपाळ्याच्या कड्यांचा तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. तू चौथीत होतीस. परीक्षेच्या कविता तू कधी बसून पाठ केल्या नाहीस. झोपाळा पुढे गेला की अर्धी ओळ, मागे आला की उरलेली. कडी अडखळली तर ओळ पुन्हा पहिल्यापासून. स्वयंपाकघरातून तुझी आई ओरडायची, "अहो, तेल घाला की त्या कडीला, कविता गंजायली!" मी तेल घातलं नाही. घातलं असतं तर तुझं वृत्त बिघडलं असतं.

तू माझा फोन घेत नाहीस. आईनं तुझ्या सासूबाईंचं हळदीकुंकवाचं ताट दारातूनच परत फिरवलं, त्या दिवसापासून तू या घराशी बोलली नाहीस. मी त्या दिवशी रेणापूरला कवितापाठाच्या स्पर्धेचा परीक्षक होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा उंबऱ्यावर थोडं कुंकू सांडलेलं होतं आणि आई भाकरी थापत होती. "मराठ्याच्या घरचं ताट हाय, घेतलं न्हाई," एवढंच म्हणाली. आता तुला सातवा लागला असं नांदेडहून आलेल्या एकानं बसमध्ये सांगितलं. आईला मी ते सांगितलं. त्या दिवशी तिनं दोनदा देवाजवळ दिवा लावला.

फोन घेतला नाहीस तरी पत्र दारात पडतं. वाचायचं की चुलीत घालायचं ते तुझ्या हातात.

आई आजारी आहे. दिवाळीत तिचे पाय सुजले, पोट फुगलं. लातूरला नेलं. माझ्या वर्गातला आपला मृत्युंजय आठवतो? तुझ्यासोबत एका ताटात जेवायचा, भाजीतले शेंगदाणे वेचून वेचून खायचा. तो आता लातुरात पोटाचा मोठा डॉक्टर आहे. अजून मला बघितलं की उठून उभा राहतो. त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. "सर, काकूंचं लिव्हर आकसून कडक झालंय. ते परत मऊ होणार नाही. पण जे उरलंय ते सांभाळलं तर माणूस वर्षानुवर्षं चालतो."

आई म्हणाली, "अरे, मी जन्मात ताकाशिवाय काही पिले न्हाई. लोक म्हणतील मास्तरची बायको चोरून पीत होती!"

तो हसला. म्हणाला, साखरेच्या आजारानंही असं होतं. मग हसणं थांबवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मीठ कमी. हे पातळ औषध रोज घ्यायचं, दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे, नाहीतर पोटातलं विष डोक्यात चढतं. आणि सर, मला विचारल्याशिवाय एकही गोळी काकूंच्या पोटात जाऊ द्यायची नाही. डोकेदुखीची नाही, खाजेची नाही, झाडपाल्याचा काढासुद्धा नाही. धडधाकट लिव्हर औषध पचवून बाहेर काढतं. काकूंचं काढणार नाही. ते आत साठत राहील आणि उरलेलं लिव्हर जाळील."

शेवटी त्यानं तिला दोन्ही हात पुढे धरायला लावले, पंजे वर, ट्रॅफिक पोलीस गाड्या अडवतो तसे. आईचे हात पाटीसारखे स्थिर. "शाब्बास काकू! हे पंजे पाखराच्या पंखासारखे फडफडायला लागले की मला लगेच फोन."

आता पुढचं लिहिताना पेन अडतं. आयुष्यभर वर्गात कवितेतली लाज समजावून सांगितली आणि घरातली लाज कशी लिहावी ते शिकलो नाही. मागच्या महिन्यात आईला लघवीची आग झाली, मृत्युंजयच्या औषधानं गेली. पण त्या औषधानंतर दुसरीच तकलीफ सुरू झाली. बायकी जागी खाज. दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जाणं. साखर असलेल्या बायांना अशा औषधांनंतर हे होतं म्हणे. एक बुरशी असते. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आंबिलीला जी फसफसवते तिच्याच नात्यातली, असं मी समजून घेतलं. परवा येळवशीला शेतात सगळ्या बाया कडब्याच्या कोपीत मांडी घालून जेवत होत्या आणि आई बांधावर उभी राहून शेंगा-पाल्याची भज्जी खात होती. "गुडघा धरलाय," असं सगळ्यांना सांगत होती.

मी म्हणालो, "मृत्युंजयला सांगतो."

"सांगाल! त्याला मी माझ्या हातानं घास भरवलाय. त्याच्यापुढं मी हे बोलू? आन् त्यानं बघायचं म्हणलं तर?"

तिनं माझा हात ओढून गळ्यातल्या इष्टलिंगावर ठेवला. "आण घ्या. मृत्युंजयला सांगायचं न्हाई."

मी आण घेतली. तुला सांगायचं नाही असं ती म्हणाली नाही, म्हणून तुला लिहितो. ही पळवाट आहे, मला कळतं.

तुझा
अप्पा


चाकूर
२२ जानेवारी

वर्षा,

संक्रांत झाली. तुझ्याकडे तिळगूळ पाठवावा असं मनात होतं, पण आईपुढे पाकीट बांधता आलं नाही.

खुशखबर अशी की आईची ती तकलीफ गेली. म्हणजे गेली होती. शेजारच्या उज्वलाबाई वाण घ्यायला आल्या. आई उभ्या उभ्याच वाण द्यायला लागली तेव्हा त्यांनी तिला आत ओढून नेलं. दोघी बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. आईच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं. घरगुती उपाय सापडला, एवढंच मला कळलं. दोन दिवसांत आई मांडी घालून बसली, गजरा माळला आणि मला म्हणाली, "तुमच्या त्या डॉक्टरापरीस आमची उज्वला बरी. शिकली न्हाई, पण दुखणं जाणती!"

मी पुरणपोळी मागितली. तिनं केलीही. अशी दुपार बऱ्याच दिवसांनी आली होती.

उपाय म्हणजे गोळी होती. उज्वलाबाईंच्या सुनेला एकाच गोळीत गुण आला होता, त्यातली एक उरली होती. हे मी लिहिणार नव्हतो, पण लिहिलं.

तकलीफ परत आली, आधीपेक्षा जास्त. मग उज्वलाबाईंनी स्टँडजवळच्या एका दुकानातून दुसरी पाकिटं आणली. रोज एक घ्यायची. दुकानदारानं कुणासाठी हवीत ते विचारलं नाही. त्याचं तरी काय, बाई खाज म्हणाली, त्यानं खाजेची भारी गोळी दिली. मी पाकिटावरचं नाव वाचायला चष्मा शोधत होतो तेवढ्यात आईनं ते पदराखाली घेतलं. "कविता हाय का वाचायला?" असं म्हणाली.

आणखी एक. पोट साफ होण्याचं ते पातळ औषध तिनं बंद केलंय. सारखं जावं लागतं, सारखं धुवावं लागतं, तिथं आगीचा डोंब होतो, असं तिचं म्हणणं. बाटली फडताळात भरलेली आहे. सकाळचं ऊन पडलं की मधासारखी चमकते. मी रोज बघतो.

सोमवारी एकटाच लातूरला जाऊन आलो. मृत्युंजयनं रिपोर्ट पाहिले, ते जुने होते. "काकू बऱ्या आहेत ना सर? दुसरं काही औषध चालू नाही ना?"

मी नाही म्हणालो.

माझी जीभ आणेला बांधलेली होती. पण 'मला आण घातलीय' एवढं तरी म्हणता आलं असतं, त्यावरून त्यानं काय ते ओळखलं असतं. पोरगा हुशार होता, अर्धी ओळ दिली की पूर्ण करायचा. त्यानं माझी पिशवी उचलून जिन्यापर्यंत सोडलं. शेजारच्या खोलीबाहेर बाकावर बायकांची रांग बसली होती, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, हसत होत्या. त्यांच्याकडे बघत मी जिना उतरलो.

खुशाली कळव. नुसती कोरी कागदाची घडी पाठवलीस तरी चालेल.

अप्पा


चाकूर
२९ जानेवारी

वर्षा,

चाकूरच्या बाहेर सगळी करडई फुललीय. स्टँडकडून घरी येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी इतका पिवळा रंग की डोळे मिटले तरी आत राहतो. अशा दिवसांत मी सातवीच्या वर्गाला शेताच्या कडेला बसवून कविता म्हणायला लावायचो. हेडमास्तर रागावायचे. पोरं काटे टोचले तरी सूर सोडायची नाहीत.

परवा आई अंगणात बसली होती. ऊन उतरतीला आलं होतं. तिनं मान वर केली आणि मला दिसलं की उन्हानं तिच्या डोळ्यांत घर केलंय. मी आत जाऊन दोन ओळी लिहिल्या. बऱ्याच वर्षांनी लिहिल्या.

करडईचं पिवळं ऊन उतरलं गं अंगणी,
थोडं सांडलं शेतात, थोडं तुझ्या लोचनी.

तिला वाचून दाखवल्या. पहिल्या ओळीला ती हसली. दुसरीच्या आत तिला झोप लागली होती.

हल्ली ती दिवसा फार झोपते. थकवा असणार. पहाटे मात्र जागी असते, झोपाळ्यावर बसलेली असते आणि कड्या वाजत असतात. पण त्यात ताल नाही. दोनदा वाजतात, थांबतात, मध्येच एकदा. मी अंथरुणावरून ऐकतो. तुझ्या वेळचा ठेका मनातल्या मनात लावून पाहतो, तो बसत नाही.

खाज थांबलीय. गोळ्यांनी गुण दिला म्हणायचा.

काल तिनं माझ्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी तोंड वेडंवाकडं केलं तशी खुदुखुदु हसली. "डॉक्टरानं मीठ कमी सांगितलंय न्हव? माझं तुम्हाला दिलं." मीही हसलो. तेवढा विनोद तिला सुचतो, म्हणजे बरीच आहे.

उज्वलाबाई म्हणत होत्या, "मास्तर, बाईच्या डोळ्याकडं बघा की." मी त्यांना त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. गोळ्या मात्र आईजवळ आहेत.

आणि पूजा. तुला आठवतं ना, आंघोळ करून ती गळ्यातलं इष्टलिंग सोडते, डाव्या तळहातावर घेते, भस्म लावते, बेल वाहते आणि एकटक बघत बसते. लहानपणी तू विचारायचीस, आई काय बघते? मी म्हणायचो, आई आरशात बघते, पण त्यात तोंड दिसत नाही. आज मी दाराआडून पाहिलं. तिचा तळहात थरथरत होता. बेलाचं पान आपोआप सरकत सरकत बोटांपर्यंत आलं आणि खाली पडलं. इतक्या वर्षांच्या पूजेनंतर असा भाव दाटून येत असेल. भक्तीनं अंग कापतं असं आपण वाचतोच की.

वाचताना तुला काही वेगळं वाटलं तर तो माझ्या लिहिण्याचा दोष समज. आईत तसं काही नाही.

अप्पा


चाकूर
६ फेब्रुवारी

वर्षा,

इष्टलिंग पडलं.

काल सकाळी, पूजेत. मी दाराआडच होतो. तळहात पाखराच्या पंखासारखा फडफडला, एकदा, दोनदा, आणि लिंग खाली फरशीवर. आवाज अगदी लहान झाला. गोटी पडल्यासारखा. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"मृत्युंजयला सांगितलं का तुम्ही?"

"नाही."

"कुणालातरी सांगितलंय. आण मोडलीय कुणीतरी. उगं न्हाई पडत."

मला तिच्या डोळ्यांत बघता आलं नाही. तुला लिहिलेली पत्रं डोळ्यांपुढे आली. आपल्यात लिंग हातातून पडणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. माझी आजी सांगायची, पूर्वी लिंग हरवलं तर माणूस अन्न सोडून प्राण द्यायचा. आईनं अन्न सोडलंय. पाण्यावर आहे. "स्वामी येऊन शांत करतील तवा जेवीन." मठाच्या स्वामींना फोन केला. ते बाहेरगावी आहेत, सोमवारी येतो म्हणाले. मी फक्त लिंग पडलं एवढं सांगितलं. हात का कापला ते सांगितलं नाही.

वर्षा, खरं लिहितो. मला कळलं होतं. त्या दिवशी बेलाचं पान सरकलं तेव्हाच मला मृत्युंजयच्या खोलीतला ट्रॅफिक पोलीस आठवला होता. डोळ्यांतलं ऊन म्हणजे ऊन नव्हे, तेही मला कळलं होतं. मी त्याला यमक लावलं, कारण यमक लावलं की गोष्ट ऐकायला बरी वाटते.

एक रिकामं पाकीट तिच्या उशीखाली सापडलं. ते सोबत घातलंय. चष्मा लावून वाचलं: केटोकोनाझोल. दोन पाकिटं संपलीत, तिसरं चालू आहे. पातळ औषध जानेवारीच्या सुरुवातीपासून बंद. डोळे पिवळे. लघवी चहाच्या पाण्यासारखी. दिवसा झोप. हातांना थरथर. एवढं सगळं मी एका ठिकाणी पहिल्यांदाच लिहितोय आणि लिहिल्यावर त्याच्याकडे बघवत नाही. तिथं कुणा जाणत्याला दाखव.

तू म्हणशील, अप्पा, इतकं कळतं तर मृत्युंजयला फोन का लावत नाही? लावायला घेतला होता. आई झोपाळ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. "काय करायलाव?" तिचा हात लिंगावर होता, तो हलत होता. लिंग आधीच एकदा पडलंय. मी आण मोडली आणि ते दुसऱ्यांदा पडलं तर ती उठणार नाही, असं मला वाटतं. हे अडाण्यासारखं आहे. पण मी अडाणी नाही म्हणून तरी काय केलं?

मृत्युंजयचेच फोन यायला लागलेत. नवे रिपोर्ट का आणले नाहीत म्हणून विचारत असणार. मी फोन बंद करून पेटीत ठेवलाय.

अप्पा


चाकूर
१० फेब्रुवारी, सकाळ

वर्षा,

आज सोमवार. स्वामी येतील. मी अंगण झाडलं, सडा घातला, पाट मांडला. आईच्या पद्धतीनं सगळं केलंय. तिला दाखवलं. ती बघते, पण कशाकडे बघते ते कळत नाही.

काल दिवसभर तिला वाटत होतं तू शाळेतून यायची आहेस. "वर्षी आली न्हाई अजून? ऊन लई हाय." मी म्हणालो, येईल. "तुम्ही जावा की सायकलवर." मी खरंच चप्पल घातली आणि दारापर्यंत जाऊन आलो. तिला तेवढ्यानं बरं वाटलं. मग तिनं मला अप्पाजी म्हणून हाक मारली. अप्पाजी म्हणजे तिचे वडील. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली.

पोट पुन्हा फुगलंय. तोंडाला एक गोडसर, कुजल्यासारखा वास येतो. गोळी मी काल काढून घेतली. तिनं मागितली नाही. तिला आठवलंच नाही. गोळी काढून घेतल्याचा मला आनंद व्हायला हवा होता.

स्वामींना मी विनंती करणार आहे की लिंगाची शांती नंतर करा, आधी माझी आण सोडवा. आण सुटली की त्याच क्षणी मृत्युंजयला फोन लावीन. फोन पेटीतून काढून समोर ठेवलाय. अजून चालू केलेला नाही. त्याच्या काळ्या काचेत माझं तोंड दिसतं.

किती साधी गोष्ट होती, वर्षा. बुरशी. आंबिलीत असते, भिंतीला असते, ओल्या चपलेला असते. वर्गात कुणा पोराच्या मानेवर पांढरे डाग दिसले की मी स्वतः त्याला दवाखान्यात धाडायचो आणि पोरं हसली तर छडी उचलायचो. घरात मात्र माझी छडी उचलली गेली नाही. आम्ही दोघं त्या एका शब्दाच्या दोन्ही बाजूंना पाठ करून बसलो.

आई आता झोपाळ्यावर आहे. कुर्र. मग बराच वेळ काही नाही. मग कट्. मी तो कट् ऐकेपर्यंत लिहायचं थांबतो.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. स्वामी लवकर आले. दार वाजतंय. थांब, उघडून येतो.

पुढच्या ओळी चालत्या गाडीत घाईत लिहितोय, अक्षर लागणार नाही. ही घडी गाडीतच देतो, ती तुझ्याकडेच जाणार आहे.

दारात स्वामी नव्हते. पायऱ्यांच्या खाली, सडा घातलेल्या अंगणात, नऊवारी नेसलेली एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागे जीप, इंजिन चालूच. मी ओळखलं नाही. मी त्यांना फक्त तुझ्या लग्नाच्या फोटोत पाहिलं होतं. त्यांनीच सांगितलं.

"निवृत्तीची आई मी. चतुराबाई. इस्लापूरची."

मी हात जोडले. त्या पायरीखालूनच बोलल्या.

"मास्तर, पोरीला बिछान्यावरून उठायची मनाई हाय, न्हाईतर तीच आली असती. शनवारी तुमचं पत्र आलं. ते पाकीट बघून ती रडून राहिली नुसती. तुमाला फोन लावला तर बंद. मंग लातूरच्या डागदराला लावला. त्याला समदं सांगितलं."

"समदं?"

"समदं. खाज, गोळ्या, डोळे, हात. त्यो फोनवरच वरडला. म्हनला, तुमच्या मालकिणीनं एक शब्द सांगितला असता तर पोटात गोळी जाऊच दिली नसती, वरून लावायचं मलम दिलं असतं, साखर तपासली असती. आन् म्हनला, त्याची बायकोच बायकांची डागदर हाय, शेजारच्या खोलीत बसती."

जिन्याजवळची ती बायकांची रांग. हसणाऱ्या बाया. मी त्यांच्याकडे बघत खाली उतरलो होतो.

"आण," मी म्हणालो. एवढंच सुचलं. "मला आण घातलेली आहे."

"ती तुमाला हाय. मला न्हाई." त्यांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. "घरात जेवढ्या गोळ्या हायेत तेवढ्या घाला हिच्यात. रिकामी पाकिटं बी. डागदर दारात उभा ऱ्हातो म्हनलाय. पन बिगीनं करा. टाइम किती उरला त्ये त्यानं सांगितलं न्हाई."

मी फडताळातलं सगळं पिशवीत ओतलं. ती मधासारखी बाटलीही. बाहेर आलो तर त्या तिथंच, पहिल्या पायरीच्या खाली.

"आत या की," मी म्हणालो. "तिला एकट्याला उचलवणार नाही मला."

"येते. पन तुमी बोलावून न्हाई यायची." त्यांचा आवाज खाली आला, पण त्या हलल्या नाहीत. "त्या दिवशी माझं ताट ह्याच उंबऱ्यावरनं माघारी धाडलं व्हतं तिनं. मी पोरांसमोर शबूद दिला व्हता, तुमच्या मल्लम्मानं बोलावल्याबिगर ह्या घरात पाय टाकायची न्हाई. जावा, इचारा तिला. जलदी."

मी आत वळलो. कसं विचारणार होतो? जिला माझं नाव आठवत नाही तिला जुनं भांडण कुठून आठवणार, आणि आठवलं तर काय म्हणेल? जीपचं इंजिन थरथरत होतं. उंबऱ्याच्या अलीकडे मी, पलीकडे त्या.

झोपाळ्याची कडी वाजली. कुर्र.

"वर्षे," आतून आई म्हणाली. आवाज खणखणीत होता, तुझ्या शाळेच्या दिवसांतला. "वर्षे, दारात कोन हाय? माणसं उन्हात उभी करत्यात का? बोलाव की त्यांना आत."

चतुराबाई माझ्याकडे बघत होत्या. मी दारातून बाजूला सरलो.

"बोलावलं," त्या म्हणाल्या. चपला पायरीवर काढल्या, पदर खोचला आणि उंबरा ओलांडून आत आल्या.